दोन घंट्या

रुद्राणीने एका हाताने दुभाजकाचा लोखंडी कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने सासऱ्यांचा दंड. धोंडप्पा जागचे हलेनात. उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत त्यांच्या धोतराला जवळजवळ घासून गेला.

"मामा, चला की घरी. सकाळधरनं हुडकतोय तुमाला."

"सिंगल घंटी झाली न्हवं? मग थांबायचं."

"कुणी वाजवली?"

त्यांनी दूर जाणाऱ्या सायकलवाल्याकडे बोट केलं.

तेवढ्यात तिचा नवरा मल्लिनाथ धावत आला. त्याने वडिलांना ओढून पाहिलं. म्हाताऱ्याने घट्ट धरलेला कठडा सोडला नाही.

"बास झालं आता. उद्यापासनं भाईरनं कुलूप."

धोंडप्पांच्या आजोबांनी मुंबईत ट्रामचे घोडे सांभाळले, वडिलांनी विजेच्या ट्राममध्ये तिकिटं फाडली आणि स्वतः धोंडप्पांनी ट्राम बंद पडेपर्यंत चालवली. ही कुळकथा ऐकून ऐकून घरादाराचे कान किटले होते. हल्ली त्यांचं डोकं जागेवर नसायचं, कधी घराबाहेर पडतील याचा नेम नसायचा. पण कंडक्टरने एकदा घंटी दिली की थांबायचं, दोनदा दिली की निघायचं, हे रुद्राणीला भर रस्त्यात आत्ता आठवलं. तिने हातातली पाटली कठड्यावर दोनदा आपटली.

टण टण.

धोंडप्पा निमूटपणे घराकडे चालू लागले.

मल्लिनाथ वाटेतूनच कुलूप घेऊन आला आणि स्टुलावर चढून दाराला कडी बसवू लागला. जित्याजागत्या माणसाला कोंडायचं, या विचारानेच रुद्राणीला रडू येत होतं. पण ट्रॅक्टरचं ते चाक डोळ्यांपुढून हलत नव्हतं, म्हणून ती चहाकडे वळली. तिने चहा गाळला आणि चोथा झाडायला स्टीलचं गाळणं सवयीने पातेल्याच्या काठावर आपटलं.

टण टण.

आत बाज करकरली. धोंडप्पा उठले आणि पायाने चपला चाचपू लागले.

रुद्राणी थिजून उभी राहिली. सकाळीही तिने असाच चहा गाळला होता. कालही. या घरात आल्यापासून रोज.

तिने गाळणं पुन्हा आपटलं, एकदाच. धोंडप्पा खाली बसले.

"अहो," ती दाराकडे वळली. "मामांना मीच भाईर धाडत हुते."

"आँ?"

"त्ये कुलूप ऱ्हाऊ द्या. आदी मला प्लॅस्टिकचं गाळणं आणून द्या."