चार बोटं आटलेली चादर

मी एक जुनी चादर आहे, पण माझ्यावर आजवर कुणी झोपलेलं नाही. चांदूर बाजारच्या विणकर सोसायटीत मी नमुना होते. माझी लांबी, माझी वीण पाहून बाकीचे विणकर चादरी विणायचे. तयार चादर माझ्यावर अंथरायची. जुळली तर पास, नाही तर बाद. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला त्याचा चांगलाच तोरा होता!

मला विणलं सूर्यभानजींनी. सोसायटीतले ते सगळ्यात जुने विणकर.

घात झाला तो छप्पन सालच्या खंडेनवमीला. त्या दिवशी माग, धोटे, फण्या, सगळ्यांची पूजा असते. झाडलोट करणाऱ्या दुर्गाबाईंना वाटलं, पूजेत मळकी चादर कशी मांडायची? त्यांनी मला सोडा घालून उकळत्या पाण्यात बुडवलं. बिचारीचा भाव चांगलाच होता. पण माझं सूत कोरं, कधी पाणी न लागलेलं. मी चार बोटं आटले. मग मला हळदकुंकू वाहिलं, सगळे पाया पडले. मोजलं मात्र कुणीच नाही.

दिवाळीनंतर अकोल्याच्या एका वसतिगृहाचं काम आलं. सूर्यभानजी कागदावरच्या मापाने विणत. तपासणीत त्यांच्या चादरी माझ्याबाहेर चार बोटं लोंबल्या.

"मले तं नमुनाच आटल्यासारखा वाटते," ते म्हणाले.

"वा! पूजेतला नमुना खोटा, आन् तुमी खरे?" अध्यक्ष महादेवराव कडाडले. "साऱ्यायच्या जुळल्या, तुमच्याच कावून नाई जुळत?"

अहो, ते खरं सांगताहेत! मी आतल्या आत ओरडत होते, पण चादरीचं कोण ऐकतं? ज्यांनी मला विणलं, त्यांच्याविरुद्ध मीच साक्षीदार झाले. त्यांचा माग दुसऱ्याला दिला. जाताना त्यांनी माझा काठ एकदा चाचपला. मला फार रडू आलं.

महिन्याभरात वसतिगृहाने सगळ्या चादरी परत पाठवल्या. आखूड! तेव्हा कुठे महादेवरावांनी टेप आणून मला मोजलं, कपाळावर हात मारला आणि मला काखेत घेऊन तडक सूर्यभानजींचं घर गाठलं. दारात त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई उभ्या होत्या.

"ते अकोल्याच्या गिरनीत हमालीले लागले," त्या म्हणाल्या. "मागाले आता हात नाई लावत म्हनते."

मित्रांनो, नमुन्याच्या पाया पडू नका, त्याला अधूनमधून मोजत जा. सूर्यभानजी म्हणाले तेव्हा मला मोजायला दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.