जानेवारीतला रिपोर्ट

चतुराबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा, असं मालकांनी चहा पिता पिता सांगितलं, तेव्हा निलोफरला त्या केबिनमध्ये बसवेना.

"रिपोर्ट तुमच्याकडेच राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "बायका काय, गावात पुष्कळ आहेत."

निलोफर धातुशास्त्राची इंजिनीअर. पंच्याण्णव साली पदवी घेतल्यावर सातपूरच्या एका कारखान्यात तिने आठ वर्षं लोखंड तपासलं. सिन्नरच्या या छोट्या कारखान्यात मात्र ती हौसेने आली. इथे सौरदिव्यांच्या बॅटऱ्या बनत. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर धुराशिवाय दिवा लागावा, त्यात आपला हात असावा, असं तिला वाटे. बॅटरीतल्या प्लेटा जास्त टिकाव्यात म्हणून ती शिशाचं नवं मिश्रण तयार करत होती. त्या प्लेटा चतुराबाई आणि आणखी सहाजणी उघड्या हातांनी रचत. शिशाची भुकटी त्यांच्या केसांत, डब्यातल्या भाकरीवर बसे.

चतुराबाईच्या पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा निलोफरनेच सगळ्यांचं रक्त तपासायला पाठवलं. जानेवारीत रिपोर्ट आले. सातहीजणींच्या रक्तात शिसं होतं, चतुराबाईच्या सर्वांत जास्त. मिश्रणाच्या चाचण्या संपू द्या, मग बघू, असं मालक म्हणाले. आणि बायकांना काही न सांगता निलोफर थांबली. मिश्रण अगदी हाताशी आलं होतं.

आता मार्च संपत आला होता. चतुराबाईचं मनगट लुळं पडलं होतं, तिला प्लेटा रचता येईनात. तिला मालकांची शिसारी आली. केबिनमधून उठून तिने हात धुतले, पुन्हा धुतले. तरी आपल्याच अंगाला काहीतरी घाण चिकटल्यासारखं तिला वाटत राहिलं. सातही रिपोर्ट घेऊन ती थेट चतुराबाईच्या घरी गेली.

"ताई, यात काय लिवलंय?"

निलोफरने सगळं समजावून सांगितलं. पोटातल्या कळा कशाने, मनगट लुळं का पडलं, नाशिकला कुठल्या डॉक्टरकडे जायचं.

"तुमाला कवा कळलं?"

"जानेवारीत."

चतुराबाईने आपल्या लुळ्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तवा मला भाकर थापता येत व्हती."

निलोफरने तिचा रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला.

"मंग ह्या कागदावर त्येच लिवा. कवा कळलं ते. आन सही करा."

निलोफरने लिहिलं. कारखान्याची चौकशी झाली तर आधी आपल्यालाच बोलावतील, हे तिला कळत होतं. तिने खाली पूर्ण नाव घातलं.

चतुराबाईला बोटांनी कागद धरता येईना. तिने तो मांडीवर ठेवला, कोपराने दाबून घडी घातली आणि पोलक्यात सरकवला.

"चला," ती उठत म्हणाली. "बाकीच्यांची घरं दावते."