एकशे चौसष्ट ग्रॅम

मी एक जुनी गॅसची शेगडी आहे. पण मित्रांनो, शेगडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ओट्यावरची जी दोन बर्नरची दांडगी बाई उभी राहते, ती मी नव्हे. मी मुठीत मावते. मला तीन घडीचे पाय आहेत, मधोमध रुपयाएवढा बर्नर आहे, खाली गॅसची डबी फिरवून बसवायला आटे आहेत आणि ज्योत कमीजास्त करायला तारेचा एक कान आहे. वजन त्र्याऐंशी ग्रॅम. जोराची शिंक आली तर मी उडून जाईन, असे लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

माझा जन्म कोरियातल्या एका कारखान्यात झाला. तिथे तपासणीच्या बाईने मला एकदा पेटवून पाहिले, मान डोलावली आणि खोक्यात घातले. तेवढ्या दोन क्षणांत मला कळले की आपल्यातून निळी ज्योत निघते. मी थक्क झाले. एवढ्याशा पत्र्याच्या जिवातून आग! तो अचंबा इतक्या वर्षांत माझ्या मनातून गेलेला नाही.

पुढे समुद्र ओलांडून मी न्यूझीलंडला आले, डनीडन गावात, मेरेआना नावाच्या बाईंच्या दुकानात. डोंगर चढणाऱ्यांना लागणारे सगळे तिथे मिळायचे. काचेच्या कपाटात मी सात महिने बसून होते. लोक मला हातात घेत, हसत आणि परत ठेवत. मग एका शनिवारी नोला आली.

नोला त्रेसष्ट वर्षांची, निवृत्त परिचारिका. ठेंगणी, करड्या केसांची आणि जिभेने तिखट. तिच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती. पाठीवर नऊ किलोच्या वर ओझे घ्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तिची मुलगी कर्स्टी तर म्हणत होती, की आता डोंगर पुरे. शेवटी मायलेकींचा तह झाला होता: नोलाने एकदा जाऊन यावे, पण काही गडबड झाली तर सॅक कायमची खुंटीला. नोलाने वचन दिले होते. चाळीस वर्षे जी बाई डोंगरावर गेली, तिचे उरलेले सगळे डोंगर त्या एका फेरीवर अडकले होते.

"एवढीशी?" नोलाने मला चिमटीत धरले. "ही पाणी उकळते, की नुसता शब्द देते?"

"अर्धा लिटर चार मिनिटांत," मेरेआना म्हणाल्या. "पण खरं सांगू? वारा सुटला की रुसते. आणि थंडीत डबी गार पडली की हिचा आवाजच बसतो. ती लांब नळीची बघ. दमाची आहे, थंडीला भीक घालत नाही."

"वजन?"

"तीनशे नव्वद."

नोलाने पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि गल्ल्याशेजारी मांडला.

"अगं बाई, आमच्याकडे काटा आहे!"

"असेल. पण विकणाऱ्याच्या काट्यावर मी विसंबत नाही."

तिने मला काट्यावर ठेवले. आकडा बघून तिचा चेहरा असा उजळला, की आजवर मला हसलेल्या सगळ्यांना मी मनातल्या मनात माफ करून टाकले. मेरेआनांनी खोक्यात बांधून देताना पुन्हा बजावले, "थंडीत डबी भरलेली ने हं. अर्धीमुर्धी नको."

"चाळीस वर्षं जातेय मी," नोला म्हणाली.

त्या देशात डोंगरवेड्यांची एक जातच आहे, मित्रांनो. ही माणसे दात घासायच्या ब्रशची दांडी कापून अर्धी करतात. चहाच्या पुड्यांचे दोरे तोडतात. नोलाच्या स्वयंपाकघरात आठवडाभर हेच चालले होते. प्रत्येक वस्तू काट्यावर चढत होती आणि तिचे ग्रॅम वहीत उतरत होते. समोर बसून जायफळासारख्या चेहऱ्याचा एक उंच म्हातारा आल्याची बिस्किटे खात होता. तो फर्गस. पेशाने सुतार, आणि नोलाचा पंचवीस वर्षांचा डोंगरातला सोबती.

"नखं काप नोला, तेवढंच हलकं."

"तू तोंड बंद ठेव, बिस्किटं तरी वाचतील."

"मी आपली माझी पितळी शेगडी घेतो. दीड किलोची आहे, पण शब्दाला पक्की."

"काही नको. माणसं दोन आणि शेगड्या दोन? तुझी राहू दे घरी. ही पुरे दोघांना."

फर्गसने खांदे उडवले. मला मात्र आभाळ ठेंगणे झाले.

मग डबीची पाळी आली. घरात दोन होत्या, एक नवी कोरी आणि एक वापरलेली. वापरलेलीत गॅस किती उरला हे बघायची या लोकांची युक्ती अशी, की डबी पाण्यात तरंगवायची. जितकी बुडेल तितका गॅस. नोलाने बादलीत सोडली, बोटाने पातळी मोजली आणि काट्यावर ठेवली. नवी तीनशे अठ्ठ्याहत्तर, जुनी दोनशे चौदा. तिने वहीत हिशेब मांडला: एका रात्रीला, दोन माणसांना एवढा गॅस पुरतो. पुरत होताही, कागदावर.

"एकशे चौसष्ट ग्रॅम वाचले," ती म्हणाली आणि जुनी डबी सॅकमध्ये गेली.

मे महिना संपत आला होता. त्या मुलखात तेव्हा हिवाळा दाराशी येतो. पहाटे निघालो. मी सॅकच्या वरच्या जाळीच्या खिशात होते, म्हणून मला सगळे दिसत होते. आधी बीच जातीच्या वृक्षांचे रान, शेवाळाने इतके मऊ झालेले की पावलांचा आवाजच येईना. मग झाडे एकाएकी संपली आणि पिवळ्या गवताचे उतार लागले. त्यांच्या वर, मित्रांनो, बर्फ! एकामागे एक, एकामागे एक, पांढरी शिखरे थेट आभाळात गेलेली. कपाटातल्या दिव्याखाली बसून जग म्हणजे एक दुकान, असे मला वाटायचे. मला स्वतःची लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की आटे सैल पडतील अशी भीती वाटली.

नोला थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. "खांदा?" फर्गसने विचारले.

"खांदा ठीक आहे रे. हे सगळं परत दिसलं म्हणून."

मुक्कामाची जागा समोर दिसत होती. नारिंगी पत्र्याची, दोन बाकांची खोपटी. इतक्या उंचावर झाडे नाहीत, म्हणून लाकूड नाही, म्हणून आत चूलही नाही. जो जाईल त्याने आपली आग आपण न्यायची. खोपटीच्या अलीकडे एक ओढा होता. ओढा ओलांडताना एकमेकांचे सॅकचे पट्टे धरून, जोडीने ओलांडायचा, हा तिथला नियम. नोलाने हात पुढे केला.

"पंचवीस वर्षं ओलांडतोय हा ओढा," फर्गस म्हणाला. "माझा हात धरायला हा काय नाच आहे?"

तो मधोमध घसरला. छातीभर पाण्यात, सॅकसकट. नोलाने काठी पुढे करून त्याला ओढून काढले, पण तोवर बर्फाच्या पाण्याने आपले काम केले होते. ढग खाली उतरत होते, वारा सुटला होता. मदत मागायचे यंत्र नोलाकडे होते आणि तिने त्याचे बटण दाबलेही. पण त्या ढगांत हेलिकॉप्टर सकाळच्या आधी येणे शक्य नव्हते, हे तिला ठाऊक होते.

खोपटीत शिरताच तिने त्याचे ओले कपडे उतरवले, स्वतःचे कोरडे लोकरीचे कपडे त्याच्या अंगावर चढवले आणि त्याला आपल्या झोपायच्या पिशवीत कोंबले. त्याची पिशवी तर ठिबकत होती. फर्गस थडथड कापत होता. तरी थट्टा चालूच होती, "या वयात बायका माझे कपडे काढायला लागल्या."

नोलाने मला उघड्या दारापाशी ठेवले, डबी बसवली, वर पातेले चढवले आणि काडी लावली.

मी पेटले. फुर्र केले. आणि मग ज्योत खाली खाली आली, पिवळी झाली, विझली. पुन्हा काडी, पुन्हा तेच. डबीत गॅस होता, तो हलवल्यावर डचमळत होता. पण अर्ध्या डबीतला जोरकस गॅस आधीच जळून गेला होता. उरलेला आळशी गॅस त्या गारठ्यात हवा व्हायलाच तयार नव्हता. भरलेली डबी असती तर ही वेळ आली नसती. ज्या हलकेपणाचा मी तोरा मिरवला, त्याची मला त्या वेळी किळस आली.

आणि मग फर्गसची थट्टा थांबली. कापणेही थांबले. "दार लाव गं, आई," तो नोलाला म्हणाला. नोला पांढरीफटक पडली. कापणे थांबणे म्हणजे बरे वाटणे नव्हे, हे परिचारिकेला सांगावे लागत नाही.

"मेरेआना बोलली होती मला," ती पुटपुटली. "एकशे चौसष्ट ग्रॅम. शहाणी मी!"

मग तिने काय केले, ते आठवले की आजही मला आश्चर्य वाटते. तिने डबी माझ्यापासून सोडवली, जाकीट उघडले, सदरा वर केला आणि बर्फासारखा तो पत्रा उघड्या काखेत दाबून धरला. तिच्या तोंडून अशी शिवी निघाली की इथे सांगता येणार नाही. तशीच ती फर्गसला बिलगून आडवी झाली. एका कुशीत माणूस, दुसऱ्या कुशीत डबी. आणि ती त्याच्याशी अखंड बोलत राहिली.

"फर्गस, झोपायचं नाही. तुझ्या कपाटाचं दार अजून वाकडं आहे माझ्या घरात. कोण सरळ करणार? बोल!"

मी जमिनीवर रिकामी पडून बघत होते. मित्रांनो, आग माणसाला ऊब देते, एवढेच मला ठाऊक होते. त्या दिवशी माणूस आगीला ऊब देत होता. तिच्या अंगात आधीच किती उरली होती? तरी ती दोन ठिकाणी वाटत होती.

वीस मिनिटांनी तिने डबी बाहेर काढली, मला बसवले, काडी लावली. मी पेटले आणि पेटलेली राहिले. पाणी कोमट झाल्याबरोबर तिने त्यातले थोडे ताटलीत ओतले आणि मला डबीसकट त्यात उभे केले. पायाशी ऊब मिळाली आणि माझा आवाज फुटला. केवढा आवाज! तो आपला आहे, हे मलाच खरे वाटेना.

उकळलेले पाणी तिने दोन बाटल्यांत भरले, बाटल्या मोज्यांत घातल्या आणि फर्गसच्या काखांत ठेवल्या. दुसऱ्या पातेल्याचा चहा, भरपूर साखर घातलेला, घोट घोट पाजला. बऱ्याच वेळाने तो पुन्हा कापू लागला. त्या कापण्याचा नोलाला केवढा आनंद! मग त्याने डोळे उघडले.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

नोला हसता हसता रडू लागली.

सकाळी ढग वर गेले, हेलिकॉप्टर आले. निघण्यापूर्वी नोलाने खोपटीतली वही उघडली. येणारा प्रत्येक जण तिथे नाव आणि चार ओळी लिहून जातो. तिने लिहिले: 'वजन वाचवायला अर्धी डबी आणली. सोबत्याला दुसरी शेगडी आणू दिली नाही. चूक माझी. तुम्ही भरलेली आणा.' खाली पूर्ण नाव.

"नाव कशाला?" फर्गस म्हणाला. "लोक हसतील. आणि ओढ्यात मी पडलो ना?"

"मग तुझ्या चुकीचं तू लिही," असे म्हणून तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्यानेही लिहिले.

मित्रांनो, आता माझा एक पाय वाकला आहे आणि बर्नर काळवंडला आहे. तेव्हा चार शब्द सांगायचा मला हक्क आहे. हलकी वस्तू जरूर घ्या, पण तिला काय झेपत नाही, हे विकणारा सांगेल तेव्हा कान देऊन ऐका. बंद तंबूत मला पेटवू नका. डबीभोवती आडोसा गुंडाळून तिला भाजू नका. आणि काट्यावर वजन बघाल तेव्हा सोबत कोण येणार आहे, तेही आठवा. एवढे केलेत तर आम्ही जीव तोडून जळू.

आता एका फोनचे सांगायचे राहिले. दवाखान्यात फर्गसला सुखरूप झोपवून नोला बाहेरच्या बाकावर बसली आणि तिने कर्स्टीला फोन लावला. मी तिच्या जाकिटाच्या खिशात होते. तिने सगळे सांगितले. डबी, बादली, ओढा, काहीही गाळले नाही.

"वचन दिलं होतं," ती शेवटी म्हणाली. "सॅक खुंटीला लावते मी."

पलीकडे कर्स्टीने नाक ओढले आणि रागावल्यासारखे विचारले, "भरलेली डबी किती ग्रॅम असते गं, आई?"

"तीनशे अठ्ठ्याहत्तर. का?"

"पुढच्या वेळी ती मी उचलणार आहे."