ओनोरीनचा हात का पडला?

लव्हेंडरच्या सणाला चौकात ही गर्दी! लोखंडी गोळे खेळणारे म्हातारेसुद्धा डाव टाकून धावले. मधोमध गास्पार महाराज उभे. पांढरा झगा, हातात निळी बाटली.

"पौर्णिमेला देवदूतांच्या पहाऱ्यात काढलेलं लव्हेंडरचं तेल! निद्रानाश, सांधे, साखर... रोगाने फक्त नाव सांगावं!"

माझी बायको ओनोरीन पुढे सरसावली. तिला मधुमेह. नर्स सोलांज रोज सकाळी शेजारच्या गावाहून घरी येऊन इन्सुलिन टोचते. गास्पारने तिला एक हात आडवा, ताठ धरायला लावला आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली दिली. दाबला, हात पडला! मग निळी बाटली दिली. दाबला, हात जागच्या जागी!

"शरीर खोटं बोलत नाही, मादाम. उद्यापासून सुई बंद!"

सगळ्यात जोरात टाळ्या कोणी वाजवल्या? मी. जन्मभर लव्हेंडरच्या भट्टीवर घाम गाळलेला हा बार्तेलमी बाटली हुंगून म्हणाला, "वा! असा वास आमच्या भट्टीतून बापजन्मात निघायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी सोलांज आली, तर ओनोरीनने बाही खाली ओढली.

"सुई नको."

"तोंडाला कोरड पडलीय, मादाम. किती पाणी पिताय सकाळपासून?"

"तेल मुरतंय तिच्यात," मी शहाणपणा केला.

"असं? चला, मलाही दाखवा. आणि तुमचे मोजे द्या."

चौकात तिने निळी बाटली एका मोज्यात घातली, तसलीच पाण्याची दुसऱ्यात, पाठीमागे अदलाबदल केली आणि एक मोजा ओनोरीनच्या हातात दिला.

"आता दाबा," ती गास्पारला म्हणाली.

"दैवी शक्तीची परीक्षा घेत नाहीत!"

"मोज्याला घाबरलात होय, महाराज?" कोणीतरी ओरडलं.

गास्पारने दाबलं. एका मोज्याला हात पडला, दुसऱ्याला ताठ राहिला. उघडून पाहतो तर पडला तो दैवी तेलाला, राहिला तो पाण्याला! पुन्हा केलं, पुन्हा केलं. कधी बरोबर, कधी चूक, नाणं उडवल्यासारखं.

"मनगटाशी दाबलं की हात पडतो," सोलांजने माझ्याच हातावर दाखवलं, "खांद्याजवळ दाबलं की पडत नाही. कुठली बाटली ते ठाऊक असलं की झालं." मग तिने बूच काढून हुंगलं. "बार्तेलमी, याला कापराचा वास येतोय. हे तुम्ही साबणवाल्यांना विकता ते हलकं तेलच ना?"

गास्पार पुटपुटला, "यांच्याच भट्टीवरून नेलं. यांच्या सूनबाईंनी दिलं."

घ्या! कापणीच्या दिवसांत लव्हेंडरच्या वासाने आमच्या अख्ख्या गावाची नाकं मेलेली असतात. रश्श्यात लसूण आहे का, तेही मी बायकोला विचारतो. महाराज नेमके त्याच दिवसांत आले होते. पण हसू येईना. ओनोरीन पेल्यामागून पेला पाणी पीत होती.

तेल विकणारा मीच सांगतो: उशीला दोन थेंब लावा, वास छान येतो. लोकरीच्या कपड्यांत लव्हेंडरची पुरचुंडी ठेवा, कसर लांब राहते. पण इन्सुलिनचं काम ते करत नाही. कोणी चमत्कार दाखवला तर टाळ्या मागून वाजवा. आधी बाटली मोज्यात घाला.

ओनोरीनने भर चौकात बाही वर केली.

"टोच बाई. आणि याच्या नाकासाठी एखादी सुई असेल तर तीही काढ."