माझ्यात राहिलेल्या दोन गोळ्या

मी एक जुना साचा आहे, मित्रांनो. शिशाच्या गोळ्या ओतायचा. लोखंडाचे दोन ठोकळे, त्यांत कोरलेले दोन खळगे, वर सरकणारी पट्टी आणि धरायला दोन लाकडी मुठी, एवढाच माझा पसारा. माझा जन्म उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यातला. तो मला फारसा आठवत नाही. आठवते ती केंटकीच्या डोंगरातली, लॉरेल ओढ्याकाठची मागची पडवी आणि एस्टिल काँब्जचे हात.

एस्टिल आठवडाभर कोळशाच्या खाणीत राबे आणि रविवारी प्रार्थनाघरात उपदेशाला उभा राही. सुरुवात साध्या बोलण्याने होई. मग शब्दांना सूर चढे, आणि तो चढला की रांगडी खाणकामगार माणसेही डोळे पुसत एकमेकांचे हात धरीत. मी ते पाहिले नाही, पण तोच गळा मी पडवीत ऐकला आहे. लोखंडी भांड्यात मोटारीच्या चाकांची जुनी शिशाची वजने वितळत. एस्टिल वरची मळी काढी, पळीने मला भरी, आणि घड्याळ न बघता भजनाची एक ओळ लांबवून म्हणे. ओळ संपेतो शिसे थिजलेले असे. मग दांडक्याने पट्टीवर एक टोला, आणि दोन चंदेरी गोळ्या जुन्या पंच्यावर. तीच ओळ स्वयंपाकघरातून त्याची बायको डेल्फा ओढून परत गाई. त्यांच्या मंडळीत गाण्याची रीतच तशी. एका आवाजाकडून दुसऱ्या आवाजाकडे देवाचे नाव जात असे, आणि मध्ये मी तापत असे. तसे सुख मला पुन्हा लाभले नाही.

गोळ्या डेल्फासाठी असत. दर पानगळीत ओढ्यापलीकडच्या कुरणात नेमबाजी होई, आणि बक्षीस म्हणून खारवलेली डुकराची तंगडी मिळे. पुरुषांच्या रांगेत ही एकटी बाई, वडिलांचे रिव्हॉल्व्हर घेऊन उभी. लोक एस्टिलला चिडवत, की तू घरात उलट उत्तर देत नसशील. तो म्हणे, "देतो की. आधी तिची काडतुसं लपवतो, मग देतो."

त्या रिव्हॉल्व्हरची एक खोड होती. काडतुसे बसतात त्या फिरत्या चक्रीतल्या सहाही घरांची तोंडे केसभर मोठी होती. एरवी ओतलेली गोळी ठरावीक मापाच्या पोलादी कड्यातून दाबून बारीक करतात. एस्टिल करीत नसे. माझ्यातून पडलेली गोळी मेण लावून तशीच काडतुसात बसवायची, हे त्याने कधीच ठरवून टाकले होते. मात्र त्याने ते कुठे लिहिले नाही. रोजच्या हाताची गोष्ट कोण लिहून ठेवतो?

मग कोळशाची धूळ त्याच्या छातीत जड झाली. पडवीत आला त्या शेवटच्या दिवशी त्याने धापा टाकत एक बादली गोळ्या ओतल्या. रिकाम्या खळग्यात गंज धरतो, म्हणून शेवटच्या दोन गोळ्या त्याने नेहमीप्रमाणे माझ्यातच ठेवल्या, मला फडक्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवले. पुढे त्याच्या मयताची भजने मी त्या फडक्यातूनच ऐकली.

पडवी गप्प झाली. मित्रांनो, थंड पडणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

वर्षभराने जावई ऑर्बिन आला. मनाने चांगला. सासूने पुन्हा कुरणात उतरावे म्हणून त्याने नवे कडे आणले, पुस्तकात माप पाहिले आणि बादलीतल्या सगळ्या गोळ्या त्यातून दाबून काढल्या. गोळ्या कशा आरशासारख्या झाल्या. डेल्फाने त्या झाडून पाहिल्या, तर छिद्रे कागदभर पांगली. आठवडाभर तेच. नळीत शिशाचे पापुद्रे धरले, ते खरवडून ती पुन्हा उभी राही आणि पुन्हा चुके.

एके सकाळी ती रिव्हॉल्व्हर घेऊन पडवीत आली.

"ऑर्बिन, हे तू घेऊन जा. साचाही ने. माझा हात गेला."

ऑर्बिन म्हणाला, "आई, वयानं होतं असं."

हे ऐकून माझे लोखंड आतून तडकल्यासारखे झाले. मला तोंड असते तर! पण देताना वस्तू पुसून द्यावी, अशी तिची शिस्त. तिने फडके सोडले आणि मला उघडले. आत एस्टिलच्या दोन गोळ्या.

तिने त्यांवरून बोट फिरवले. मग एक गोळी उचलून तिने चक्रीच्या एका घरात पुढून ठेवली. गोळी तोंडाशीच थांबली. अंगठ्याने दाबली, तेव्हा कुठे पुढे सरकली. मग तिने ऑर्बिनची चकचकीत गोळी त्याच घरात ठेवली. ती सरळ आत घसरली आणि दुसऱ्या बाजूने फळीवर टपकली.

"माझा हात नाही गेला रे," डेल्फा हळूच म्हणाली. "गोळीच ढिली होती."

ऑर्बिनचे कान लाल झाले. "पुस्तकात तेवढंच माप होतं, आई."

"पुस्तकवाल्यानं माझ्या बापाचं रिव्हॉल्व्हर बघितलं होतं का?"

त्याच दुपारी तिने भांडे तापवले. ऑर्बिनच्या सगळ्या गोळ्या त्यात गेल्या. एस्टिलच्या दोन तेवढ्या तिच्या मुठीत राहिल्या. ऑर्बिन म्हणाला की या एस्टिलच्या फोटोजवळ ठेवू. तिने मान हलवली. "त्याला शिसं बसून राहिलेलं खपायचं नाही," असे म्हणत तिने त्या अलगद भांड्यात सोडल्या. क्षणात त्या कुठल्या आणि बाकीचे शिसे कुठले, ते देवालाच ठाऊक.

कुरणात ती तिसरी आली. तंगडी दुसऱ्याने नेली. पण तिच्या कागदावरची पाच छिद्रे एका बशीखाली झाकली जात होती, आणि तो कागद तिने ऑर्बिनला तीनदा दाखवला.

मला एस्टिलचा टोला अजून हवासा वाटतो. डेल्फाचा हात हलका आहे, दोनदा ठोकावे लागते. तरी काम संपले की ती मला पुसते, आणि शेवटच्या दोन गोळ्या आत ठेवूनच फडक्यात बांधते. कधीतरी तीही नसेल. तेव्हा मित्रांनो, कोणाच्या हाताला म्हातारा म्हणण्याआधी त्या हातात काय दिले आहे ते तपासा. आणि मी तुमच्याकडे आलोच, तर पुस्तक नंतर उघडा. आधी मला उघडा.