बलकाभोवतीची हिरवी कड

आईला जाऊन नववा दिवस. सर्वेश माझ्या हातचं खात नाही, हे माझ्या लक्षात यायला तीन दिवस लागले.

सर्वेश माझा धाकटा भाऊ, तुयेच्या कारखान्यात सुपरवायझर. मी वाढायला उभी राहिले की त्याला भूक नसायची. गंगाआत्याने वाढलं की तेच बिनफोडणीचं सुतकातलं जेवण तो मुकाट्याने जेवायचा.

सहाव्या दिवशी शेजारच्या बायका भेटायला आल्या, तेव्हा आत्या त्यांना सांगत होती, "अंडा हिरवागार झालेला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याच रातीक तिका ताप इलो." सर्वेश दारातच उभा होता.

ते खरं होतं. केमोनंतर आईच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. मी उकडून दिलेलं अंडं कापलं, तर बलकाभोवती राखट हिरवी कड. अर्धं तिने खाल्लं. रात्री ताप आला, चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन. कुठून आलं ते सांगता येणार नाही.

मी वाचलेलं होतं. अंडं फार वेळ उकळलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येतात, कड धरते. तिने अपाय होत नाही. भीती कच्च्या अंड्याची, तडकलेल्या कवचाची. हे माहीत असूनही नऊ दिवस मी तेच अंडं मनात पुन्हा पुन्हा सोलत होते. कवचाला तडा होता का? सुरी धुतली होती का?

सकाळी सर्वेश मागच्या अंगणात न्हाणीच्या चुलीवर, आंघोळीच्या पाण्याखाली जाळ घालत होता. उरलेली अंडी आत्याने सुतक म्हणून स्वयंपाकघरातून काढून पडवीत ठेवली होती. मी ती बादलीतल्या पाण्यात सोडली. एक तरंगलं, म्हणजे शिळं, ते बाजूला काढलं. तळाशी आडवी राहिली त्यांतली दोन घेतली आणि टोपात पाणी घालून त्याच्या जाळावर ठेवली.

"ताई, काय करतेस?"

"बघ."

आत्या दारात आली. "सुतकात अंडा! इतकी पुस्तका वाचलंस, आणि ह्या कळना नाय तुका?"

"घरात नाही, आत्या. न्हाणीच्या चुलीवर."

"न्हाणी काय शेजाऱ्याची?"

पाणी उकळल्यावर दहा मिनिटांनी मी एक अंडं काढून थंड पाण्यात टाकलं. दुसरं उकळत राहिलं. हे हिरवं झालंच नाही तर? मग आईला दिलेलं अंडं वेगळं होतं, असाच अर्थ निघेल. सर्वेश लाकडं आत सारत होता.

अर्ध्या तासाने मी सुरी त्याच्याच हातात दिली. पहिल्या अंड्याचा बलक स्वच्छ पिवळा. दुसरं कापायला त्याने वेळ घेतला. कड होती. तशीच, राखट हिरवी.

"एकाच ट्रेमधली," मी म्हटलं. "आईचंही त्यातलंच."

आत्या पायरीवर बसली. "मगे ताप खंयसून इलो?"

"माहीत नाही, आत्या. ह्या कडेतून नाही."

सर्वेश अजून अंड्याकडेच बघत होता. "मग तू एवढा वेळ कशाला उकडलंस?"

हा प्रश्न कोणी विचारू नये असं मला वाटत होतं.

"तिला कच्चट हवं होतं. वाहता बलक, पोईचा पाव बुडवून खायला. मी नाही म्हटलं. भीतीने उकळत ठेवलं. दहा मिनिटं, मग आणखी दहा, मग आणखी."

"काय म्हणाली?"

"'मी अंडा मागितलंय, तू रबर दिलंस.' तरी अर्धं खाल्लं."

त्याला हसू फुटलं, आणि लगेच त्याने तोंड जाळाकडे वळवलं.

अंडी आत्याने माडाच्या आळ्यात पुरली, तरंगलेलं धरून.

दुपारी मी भाताचं पातेलं घेऊन उभी राहिले. आत्याने रोजच्यासारखा डाव घ्यायला हात पुढे केला. सर्वेशने ताट माझ्याकडे सरकवलं.

"ताई, तू वाढ."