तागा आणि तालुका

अर्ज भरायचा म्हटलं की घरात पेन सापडत नाही, राग मात्र लगेच सापडतो! एका शिंप्याच्या घरीही तेच झालं.

थोरल्या मुलीची नर्सिंगसाठी निवड झाली होती. सगळे कागद तयार होते, अडला होता फक्त रहिवासाचा दाखला. 'हा भाग आता आमच्याकडे नाही' असा शेरा मारून जुन्या तहसील कचेरीने अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवला होता. आणि प्रवेशाची मुदत? उद्या संध्याकाळी पाच!

"बाबा, तुम्ही परत जुनाच तालुका लिहिलात?" मुलगी रडवेली झाली.

"मग काय लिहू? माझा बाप त्या तालुक्याचा, मीही त्याच तालुक्याचा. कुणी नकाशावर रेघ मारली म्हणून मी बदलायचं?"

"तुम्ही नका हो बदलू," आई म्हणाली, "तेवढी एक ओळ बदला. पोरीचं वर्ष जाईल!"

खरं तर अख्खी गल्लीच तशी. दोन वर्षांपूर्वी अवाढव्य तालुक्याचे दोन झाले, गल्ली नव्यात गेली. पण नव्या कचेरीची पायरी चढेल तर शपथ!

सकाळी शिंपी मुलीला घेऊन दोन तास बसने जुन्या कचेरीत भांडायलाच गेला. खिडकीत होत्या दप्तरबाई. कचेरीतली सगळी जुनी दप्तरं त्या सांभाळत, म्हणून त्यांना हे नाव.

"भाऊ, तुमच्या गल्लीचं दप्तर इथं नाही. मीच बांधून नव्या कचेरीत पाठवलं. फाटकी पानं चिकटवायलाच तीन आठवडे लागले."

"म्हणजे आम्हाला तोडलंत!"

बाई हसल्या. "गळ्यात टेप आहे, शिंपी दिसता. गिऱ्हाइकाच्या अंगाला अख्खा तागा गुंडाळता का हो?"

"छे! कापल्याशिवाय कपडा अंगाला बसेल कसा?"

"मग! देश म्हणजे केवढा तागा! म्हणून त्याची राज्यं, राज्यांचे जिल्हे, जिल्ह्यांचे तालुके. इथं दीडशे गावांना आम्ही चार कारकून होतो. एका सहीसाठी माणसं तीन-तीन खेपा घालायची. नवा तालुका मागायला तुमच्याच गल्लीतून अर्ज आला होता. एक आजी सुयांची डबी हातात घेऊन याच बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, 'माझा जन्म रांगेत गेला, नातीचा जाऊ नये.' पहिला अंगठा त्यांचाच!"

शिंप्याचा चेहराच उतरला. "चष्मा कपाळावर चढवलेला?"

"अगदी! ओळखता?"

"माझी आई ती. मला एका शब्दानंही सांगितलं नाही."

"तुमचा स्वभाव ठाऊक असेल त्यांना," बाई हळूच म्हणाल्या. मुलीला हसूही आलं आणि रडूही!

शिंप्याने हात जोडले. "बाई, भांडायला आलो होतो. उपकार झाले तुमचे." मग मुलीकडे वळून म्हणाला, "चल पोरी, बस गाठू! आपल्या तालुक्याला जाऊ!"

'आपल्या'! ऐकलंत ना?

नवी कचेरी निघाली घरापासून पाच मिनिटांवर, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिथल्या कारकुनाने वही उघडली, बोट फिरवलं, नोंद सापडली. चारला दाखल्यावर सही झाली आणि साडेचारला तो कॉलेजच्या अर्जाला जोडलाही!

त्या संध्याकाळी शिंपी दारोदार फिरला. "कुणाचा दाखला अडलाय? उद्या चला, मी नेतो. चहा निवायच्या आत परत येऊ!"

मंडळी, नकाशावरची रेघ माणसं तोडायला नसते. ती कचेरी आपल्या दाराशी आणते. त्या रेघेसाठी कुणीतरी रांगेत आयुष्य घालवलेलं असतं, कुणीतरी पानं चिकटवत बसलेलं असतं. तेव्हा आपला तालुका कोणता, आपली कचेरी कुठली, हे आजच विचारून घ्या. आणि तिथं गेलात की खिडकीपलीकडच्या माणसाचे मनापासून आभार माना. आपल्याआधी तिथं आलेले बहुतेक जण नुसतेच भांडून गेलेले असतात!